वडिलांची बारा बोअर पोलिसांनी नेली. विमा मिळतो का? परत कशी मिळवायची?

सीनाकाठ (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. एरवी मी उसाच्या दराच्या धाग्यांवरच असतो, आज वेगळंच दुखणं घेऊन आलोय.

आम्ही मोहोळ तालुक्यातले. वडिलांच्या नावावर बारा बोअरची दुनळी आहे, मूळची आजोबांची. निजामाची हद्द जवळ, रझाकारांच्या काळात गावात ज्या चार-दोन बंदुका होत्या त्यातली ही एक, असं घरात सांगतात. गेल्या वीस वर्षांत दसऱ्याला पूजा आणि दिवाळीआधी तेलपाणी, एवढंच तिचं काम. परवाना चालू आहे, नूतनीकरण वेळेवर.

दोन महिन्यांपूर्वी बांधावरून भावकीत वाजलं. चुलत्यांनी तक्रार दिली की वडील बंदूक घेऊन बांधावर आले आणि धमकी दिली. वडील म्हणतात बंदूक दिवसभर कपाटात होती. खरं-खोटं कोर्ट बघेल. संध्याकाळी पोलीस आले आणि बंदूक, ११ काडतुसं, परवान्याचं पुस्तक घेऊन गेले. तीन आठवड्यांनी जिल्हाधिकारी कार्यालयाची नोटीस आली : परवाना रद्द का करू नये, खुलासा करा.

घराचा विमा आहे. कर्ज काढताना बँकेतच गळ्यात मारलेला. तेव्हा तिथला माणूस म्हणाला होता, "घरातलं सगळं कव्हर होतं, काळजी नको." म्हणून दावा टाकला. कंपनीचं पत्र आलं : देय नाही. दोन ओळी फक्त. आता हा दावा लढवण्यात अर्थ आहे का? आणि बंदूक गंजून किंवा हरवून परत आली तर कुणाला धरायचं?

नवीपेठ
बांध वाचला का ते आधी सांगा. बंदूक येईल-जाईल, बांध एकदा सरकला की सरकला बे.

सीनाकाठ
मोजणी मागवलीय भाऊ. तो वेगळा धागा होईल.

जुना_सर्व्हेअर
३१ वर्षं विमा नुकसानीचे पंचनामे केले, त्यामुळे या विषयावर बोलायला थोडी जीभ शिवशिवते.

दावा लढवू नका. कंपन्यांवर माझं प्रेम आहे म्हणून नाही, तर इथं तुमची बाजू तीन ठिकाणी उघडी आहे म्हणून सांगतो.

घरविमा हा ठरावीक संकटांचा विमा असतो. आग, वीज, वादळ, पूर, भूकंप, दंगल वगैरे. १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' नावाची एकसारखी पॉलिसी द्यावी लागते. तुमची बहुधा तीच. तिच्या संकटांच्या यादीत 'पोलिसांनी नेलं' हे नाहीच.

बरं, दंगलीच्या कलमात ओढूनताणून बसवू म्हणाल तर तिथं स्पष्ट लिहिलंय की सरकारच्या किंवा कायदेशीर अधिकाऱ्याच्या हुकमाने झालेली जप्ती, ताबा जाणं, अधिग्रहण किंवा नाश, तात्पुरता असो की कायमचा, भरून मिळणार नाही. दागिन्यांसाठी वगैरे 'ऑल रिस्क' पॉलिसी असते, तिच्यातसुद्धा हे वाक्य वेगळ्या शब्दांत असतंच. सरकार आपल्याच अधिकाराने वस्तू नेणार आणि बाकीच्यांच्या हप्त्यातून ती भरून निघणार, हे विम्याच्या गणितात बसत नाही.

तिसरी गोष्ट लोकांच्या डोक्यात येत नाही. वस्तू जप्त झाली म्हणजे ती 'गेली' असं नाही. मालकी अजून तुमच्या वडिलांचीच आहे. ताबा गेलाय. विमा नुकसानीचा असतो, ताबा गेल्याचा नसतो.

पॉलिसीचं पुस्तक काढून बघा. हे वाक्य सापडेल. नाही सापडलं तर मला सांगा, मी माझे शब्द परत घेतो.

सीनाकाठ
सापडलं काका. पान ७. एवढ्या बारीक अक्षरात की मोबाईलवर फोटो मोठा करून वाचलं.

जुना_सर्व्हेअर
सोलापुरात चष्म्याची दुकानं उगाच चालत नाहीत.

एक मात्र करा. दोन ओळींचं पत्र चालवून घेऊ नका. कोणत्या कलमाखाली नाकारलं ते लेखी मागा, तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या नावाने. महिनाभरात उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येतं. आपल्याला पुण्याचं कार्यालय. फी नाही, वकील लागत नाही. ग्राहक आयोगही आहे, त्याला दोन वर्षांची मुदत. तुमच्या दाव्यात दम नाही हे मी आधीच सांगितलंय, पण हे दरवाजे माहीत असावेत, कारण खरा दावा पुढे कधीतरी येतो.

माढेकर
खऱ्या दाव्याचं माझं सांगतो. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेचं पाणी घरात घुसलं. कमरेएवढं. कपाट आडवं झालं, वडिलोपार्जित एकनळी दोन दिवस चिखलात. विमा होता. सर्व्हेअर आला तर आधी म्हणाला, बंदूक 'घरातली वस्तू' कशी? मी परवान्याची प्रत, नंबर, परवानाधारक दुरुस्तीवाल्याचं अंदाजपत्रक समोर ठेवलं. दुरुस्तीचा खर्च मिळाला. काडतुसांचे पैसे मात्र मिळाले नाहीत.

जुना_सर्व्हेअर
बरोबर झालं. स्फोटक पदार्थ वेगळे नोंदवल्याशिवाय पॉलिसीत येत नाहीत, काडतुसं त्यातच जातात. आणि आणखी एक, घरफोडीचा विमा वेगळा घेतला असेल तर तिथं 'फोडणं' लागतं. कडी उघडी होती आणि कुणीतरी उचलून नेलं, असं असेल तर पैसे नाहीत. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे शिक्कामोर्तब केलंय, बळाचा वापर दिसला पाहिजे. शिवाय वस्तू घरात असेपर्यंतच ती 'घरातली वस्तू'. पोलीस ठाण्यात पुराचं पाणी शिरलं तर तुमची पॉलिसी तिकडं पोहत जात नाही.

कोर्टगल्ली
विम्याचं काकांनी व्यवस्थित सांगितलं. कायद्याचं मी सांगतो. वकिली करतो पण इथला सल्ला हा वकीलपत्र नव्हे.

सीनाकाठ, पहिला प्रश्न : बंदूक कोणत्या कलमाखाली नेली? पक्षकार येतात आणि 'सरकारनं नेली' एवढंच सांगतात. सरकार बंदूक चार वेगवेगळ्या वाटांनी नेतं आणि परतीची वाट प्रत्येकीची वेगळी आहे.

तुमच्यात दोन वाटा एकत्र झाल्यात. गुन्हा दाखल झाला, म्हणून बंदूक मुद्देमाल झाली. गुन्हा बहुधा भारतीय न्याय संहितेचं कलम ३५१, म्हणजे धमकी, आणि सोबत शस्त्र अधिनियम १९५९ चं कलम ३०, परवान्याच्या अटीचा भंग. कलम ३० ला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मोठं कलम नाही, घाबरू नका. मुद्देमालाच्या ताब्याचा निर्णय दंडाधिकारी न्यायालय करतं. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी नागरिक सुरक्षा संहिता आली, त्यात कलम ४९७ आणि ५०३ बघायची. जुन्या लोकांना ४५१ आणि ४५७ म्हटलं की कळतं.

दुसरी वाट परवान्याची. ती नोटीस शस्त्र अधिनियमाच्या कलम १७ ची आहे. सार्वजनिक शांततेसाठी आवश्यक वाटलं, माणूस अयोग्य वाटला, माहिती दडवली, अट मोडली, अशा कारणांनी परवाना निलंबित किंवा रद्द करता येतो. पण कारणं लेखी नोंदवावी लागतात, आणि मागितली तर त्यांचं थोडक्यात निवेदन द्यावं लागतं, सार्वजनिक हिताच्या अपवादात बसत नसेल तर. तुम्ही मागा. माणसं मागतच नाहीत.

आदेश विरोधात गेला तर कलम १८ खाली अपील, ३० दिवसांत. ग्रामीण भागात परवाना जिल्हाधिकाऱ्यांचा, म्हणून अपील पुण्याला विभागीय आयुक्तांकडे. सोलापूर शहरातले असाल तर परवाना पोलीस आयुक्तांचा आणि अपील राज्य सरकारकडे. ही गल्लत करून लोक महिना घालवतात. अपिलातही नाही झालं तर रिट याचिका, आणि त्यासाठी आता मुंबईची गाडी धरायची गरज नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं कोल्हापूर सर्किट बेंच सुरू आहे, सोलापूर जिल्हा त्यात आहे.

नुसता गुन्हा प्रलंबित आहे एवढ्यावर परवाना रद्द करता येत नाही, असं अलाहाबाद उच्च न्यायालयाने कितीतरी वेळा म्हटलंय. तिकडं बंदुका जास्त, त्यामुळे निकालही जास्त. आपल्याकडे तो निकाल बंधनकारक नाही, पण खुलाशात जोडायला हरकत नाही.

नान्नजकर
उरलेल्या दोन वाटा कोणत्या साहेब? एक मला माहिती आहे, निवडणुकीची. दर वेळी आचारसंहिता लागली की आमच्याकडं निरोप यायचा, 'बंदूक आणून टाका'. वडील गुपचूप नेऊन टाकायचे. २०२४ ला लोकसभेचं मतदान ७ मे ला, मी वडिलांना म्हटलं, लेखी आदेश मागा. तर घरातलेच माझ्यावर ओरडले.

कोर्टगल्ली
तुम्ही बरोबर होता. २००९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने सांगितलं की सरसकट सगळ्यांची शस्त्रं जमा करा असा आदेश चालणार नाही. छाननी समितीने एकेक प्रकरण बघायचं. जामिनावर असलेला, गुन्हेगारी पार्श्वभूमी असलेला, पूर्वी दंगलीत असलेला, असे लोक वेगळे काढायचे आणि त्यांना नोटीस द्यायची. निवडणूक आयोगाने पुढे तसंच धोरण केलं. जमा केल्यावर पावती आणि निकालानंतर परत. राष्ट्रीय रायफल संघटनेचे खेळाडू, बँकांचे सुरक्षारक्षक यांना सूट.

चौथी वाट शस्त्र अधिनियमाच्या कलम २२ ची. शांतता धोक्यात आहे असं दंडाधिकाऱ्याला वाटलं तर परवाना असूनही शस्त्र ताब्यात घेऊन सुरक्षित ठेवता येतं. ती क्वचित येते.

नान्नजकर
आमच्याकडं आणखी एक भानगड आहे, माळढोक अभयारण्याची. अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाने वन खात्याकडे नाव नोंदवायचं असतं, आणि नवीन परवाना मुख्य वन्यजीव रक्षकांच्या संमतीशिवाय मिळत नाही. वन्यजीव कायद्याचं कलम ३४. आमच्या शेजाऱ्याला नूतनीकरणाच्या वेळी हे विचारल्यावर त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. रानडुकरं आणि काळवीट मात्र कुठं नोंदणी करत नाहीत, रोज ज्वारीत असतात.

पूर्वभाग_अक्का
मी जरा वेगळं बोलते, राग मानू नका. आमच्या घरात सात पिढ्या माग आहे, बंदूक कधीच नव्हती, काही अडलं नाही. बांधाच्या भांडणात बंदूक घरात असणं हेच धोक्याचं. वाद मिटेपर्यंत ती ठाण्यात राहिली तर तुमच्या वडिलांसाठीच बरं नाही का? उद्या चुलते म्हणाले परत आले होते, तर?

सीनाकाठ
अक्का, राग नाही. आई हेच म्हणते. रात्री झोप लागते म्हणते, ती घरात नाही तर. माझं भांडण बंदूक घरी आणण्यासाठी नाहीच, ती कुठं आणि कशी ठेवलीय हे माहीत असावं एवढंच. वडिलांचा जीव त्या नळीत अडकलाय. "तेल नाही दिलं तर पावसाळ्यात खड्डे पडतील," हे दिवसातून तीनदा.

निवृत्त_हवालदार
ठाण्याच्या मुद्देमाल खोलीत माझी सहा वर्षं गेली, म्हणून वडिलांची काळजी मला कळते. तिथं चोरीच्या सायकली, देशी दारूचे कॅन, रक्ताचे कपडे, सगळं एकाच छताखाली. बंदुकीला कापड गुंडाळून लाखेचं सील, वर चिठ्ठी, नोंदवहीत मुद्देमाल क्रमांक. तेल कोण देणार? सील तोडायचं तर परत पंचनामा.

मुद्द्याचं सांगतो. जप्ती पंचनाम्यात 'एक बारा बोअर दुनळी बंदूक, जु.वा.' असं लिहिलेलं असतं. जु.वा. म्हणजे जुनी वापरती. त्यात नळी स्वच्छ होती की गंजलेली, दस्ता फुटका होता की नीट, काही नसतं. पुढं गंजून आली तर पोलीस म्हणणार, आधीच तशी होती. तुम्ही कशावर दाखवणार?

पण नवीन कायद्यात झडती आणि जप्तीचं चित्रीकरण करावं लागतं, कलम १०५. बहुतेक मोबाईलवरच करतात. बंदूक ताब्यात घेताना ती भरलेली नाही ना हे बघायला कुणीतरी ती मोडून, म्हणजे मधून उघडून, नळीतून उजेडाकडे बघितलंच असणार. ते चित्रीकरण दंडाधिकाऱ्यांकडे जातं. त्याची प्रत मिळवा. पंचनाम्यात जे नाही ते त्यात दिसेल.

सीनाकाठ
हवालदार साहेब, हे सोन्यासारखं सांगितलंत. त्या पोराने खरंच नळी मोडून ट्यूबलाईटकडे धरून बघितली होती. मी समोर होतो.

ह्यूस्टनचा_सोलापूरकर
इकडे बंदुकीवरून देश दुभंगलाय, पण विम्याचं उत्तर तेच आहे. अमेरिकेतल्या घरविम्याच्या नेहमीच्या पॉलिसीत सरकारी हुकमाने जप्ती वा नाश झाला तर पैसे नाहीत, हे अपवादात लिहिलेलं असतं. चोरीला गेली तरी बंदुकांसाठी सगळ्या मिळून बहुतेक पॉलिसीत २,५०० डॉलरची मर्यादा. ज्याच्याकडे जास्त आहेत तो वेगळं परिशिष्ट घेतो.

कायद्यात फरक आहे. इकडे घटनेची पाचवी दुरुस्ती सांगते की सार्वजनिक वापरासाठी खासगी मालमत्ता घेतली तर न्याय्य भरपाई द्या. ती जमिनीपुरती की वस्तूंनाही, हा वाद २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सुटला, आणि तो खटला कशाचा होता माहिती आहे? बेदाण्याचा! कॅलिफोर्नियातले बेदाणा उत्पादक. बाजारात भाव पडू नये म्हणून सरकार पिकाचा ठरावीक हिस्सा राखून ठेवायला लावायचं, एका वर्षी ४७ टक्के. एका कुटुंबाने द्यायला नकार दिला. न्यायालय म्हणालं, वस्तू घेतली तरी भरपाई द्यायची. मात्र गुन्ह्याचा पुरावा म्हणून पोलिसांनी काही नेलं तर ते त्यात बसत नाही, असंच इथली कोर्टं बहुधा धरतात.

बेदाणावाला
कासेगावहून. ४७ टक्के बेदाणा?? आमच्याकडं अडत आणि तूट धरून ओरडतो आम्ही. त्या अमेरिकन भावाला पंढरपूरच्या सौद्याला बोलवा, हार घालतो.

ह्यूस्टनचा_सोलापूरकर
:) दुसरी एक गोष्ट. २००५ मध्ये कॅटरिना चक्रीवादळानंतर न्यू ऑर्लिन्समध्ये पोलिसांनी घरोघर जाऊन परवानाबिरवाना न बघता बंदुका गोळा केल्या. कोर्टाने त्याच महिन्यात थांबवलं, २००६ मध्ये संसदेने आपत्तीच्या काळात अशी जप्ती करायची नाही असा कायदा केला. पण परत मिळवताना ज्यांच्याकडे पावती नव्हती, नंबर लिहून ठेवलेला नव्हता, त्यांचे हाल झाले. हवालदार साहेब जे म्हणतात तेच.

ऑस्ट्रेलियाने उलट केलं. १९९६ च्या पोर्ट आर्थरच्या गोळीबारात ३५ माणसं गेली, त्यानंतर बंदी घातलेल्या ६ लाखांहून जास्त बंदुका सरकारने पैसे मोजून घेतल्या. त्यांच्या घटनेत 'न्याय्य अटींवर' घ्या असं आहे, म्हणून आरोग्य अधिभार एका वर्षापुरता वाढवून पैसा उभा केला.

अक्कलकोटचा
मग आपल्याकडं २०१९ ला तिसरी बंदूक काढून टाकायला लावली तेव्हा काय मिळालं? आमच्या मामांकडे तीन होत्या. एक आजोबांची, एक स्वतःची, एक आजेसासऱ्यांकडून आलेली.

कोर्टगल्ली
काहीही नाही. १४ डिसेंबर २०१९ पासून तीनऐवजी दोनची मर्यादा आली, तिसरी जमा करायला एक वर्ष दिलं. विधेयक आलं तेव्हा तर एकच ठेवायची होती, विरोध झाला म्हणून दोन राहिल्या. पण मामांना एक वाट होती : परवाना असलेल्या माणसाला किंवा विक्रेत्याला विकायची. शस्त्र अधिनियमाच्या कलम २१ प्रमाणे ताबा बेकायदेशीर ठरला की शस्त्र ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं, आणि ठरलेल्या मुदतीत परत घेण्याचा किंवा पात्र माणसाला विकून पैसे घेण्याचा हक्क जमा करणाऱ्याला असतो. तो मेला तर वारसाला. मुदत टळली तर जिल्हा दंडाधिकारी ते सरकारजमा करू शकतात, मात्र आधी ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते. परवाना निलंबित असतानाच्या काळासाठी सरकारजमा करता येत नाही. सीनाकाठ, हे वाक्य तुमच्यासाठी.

अक्कलकोटचा
मामांनी ठाण्यात टाकली आणि विसरले.

कोर्टगल्ली
तिथंच बहुतेक बंदुका जातात. हुकमाने कमी, विसरून जास्त.

सीनाकाठ
साहेब, आणि हरवली किंवा गंजली तर?

कोर्टगल्ली
याला जरा बैठक मारून सांगावं लागेल.

१९४७ मध्ये मेरठमध्ये पोलिसांनी एका सराफाचं सोनं ताब्यात घेतलं. मालखान्यातलं ते सोनं घेऊन हेड कॉन्स्टेबल पाकिस्तानात पसार झाला. सराफाच्या पेढीने दावा केला. १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, पोलिसांचा निष्काळजीपणा खरा, पण अटक आणि जप्ती हे सार्वभौम सत्तेचं काम, म्हणून सरकार जबाबदार नाही. सराफ कोरडाच राहिला. हा निकाल आजही सरकारी वकील काढतात.

पण त्यानंतर वारं फिरलं. १९६७ मध्ये जुनागढच्या वाहनांच्या प्रकरणात न्यायालय म्हणालं, जप्त वस्तू नीट सांभाळणं हे सरकारवर दुसऱ्याची ठेव सांभाळणाऱ्यासारखं बंधन आहे. १९७७ मध्ये तर मजाच. त्या वेळच्या म्हैसूर राज्यातल्या एका बाईचे चोरीला गेलेले दागिने सापडले, ठाण्यात पेटीत ठेवले, आणि पेटी उघडली तर आत दगड. सर्वोच्च न्यायालयाने राज्याला किंमत भरायला लावली. १९९४ मध्ये आंध्रमध्ये जप्त केलेलं खत पडून पडून खराब झालं, तिथंही सरकार निष्काळजीपणाला जबाबदार धरलं गेलं. आणि २००२ मध्ये न्यायालयाने सांगितलं की मुद्देमाल ठाण्यात वर्षानुवर्षं कुजत ठेवू नका. फोटो काढा, पंचनामा करा, बंधपत्र घ्या आणि योग्य माणसाकडे सोपवा.

तेव्हा भरपाई मागता येते. सरकारवर दावा करण्याआधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. आपल्याकडे बंदूक बाळगणं हा मूलभूत हक्क नाही, आणि १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीनंतर मालमत्ताही मूलभूत हक्क राहिली नाही. पण कलम ३००-अ आहे : कायद्याच्या आधाराशिवाय कुणाची मालमत्ता हिरावता येत नाही. परवाना गेला म्हणून बंदुकीची किंमत सरकारची होत नाही.

आत्ता तुम्ही करायचं ते छोटं आहे. न्यायालयात अर्ज द्या : बंदूक आम्हाला नको, तपासणी झाली की परवानाधारक विक्रेत्याकडे सुरक्षित ठेवायला द्या, देताना फोटोसह स्थितीचा पंचनामा करा. परवान्याचा वाद चालू असताना ती घरी द्यायला न्यायालय कचरतं, विक्रेत्याकडे द्यायला इतकं कचरत नाही.

नवीपेठ
वडिलांचं वय काय? सत्तरीच्या पुढं असतील तर वारसाच्या नावावर करता येते ना?

कोर्टगल्ली
येते. २०१६ च्या शस्त्र नियमांत तरतूद आहे : धारकाचं वय ७० झालं किंवा शस्त्र २५ वर्षं त्याच्याकडे असलं की वारसाला परवान्यासाठी अर्ज करता येतो. पण या नोटीशीच्या मधोमध करू नका. धूळ खाली बसू द्या.

सीनाकाठ
वय ७३. बरं साहेब.

(अडीच महिन्यांनंतर)

सीनाकाठ
धागा वर आणतोय, कारण पाच-सहा जणांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारलं.

दंडाधिकाऱ्यांनी अर्ज मंजूर केला. बॅलिस्टिक अहवाल आल्यावर बंदूक शहरातल्या एका परवानाधारक विक्रेत्याकडे गेली. सील उघडताना मी होतो. डाव्या नळीत काही नाही, उजव्या नळीत गंज, दोन ठिकाणी बोटाला लागेल एवढा. पंचनाम्यात लिहून घेतलं, फोटो काढले. चित्रीकरणाची प्रत मिळाली, त्यात तो पोरगा नळी ट्यूबलाईटकडे धरतो आणि म्हणतो, "लखलखीत ठेवलीय की." हे शब्द त्यात आहेत. वकील म्हणाले, हे कलम ८० च्या नोटीशीला पुरतं, पण आधी दुरुस्तीचं अंदाजपत्रक घ्या. खर्च थोडका असला तर कोर्टाच्या चकरा परवडणार नाहीत. अंदाजपत्रक बघितलं. खरंच परवडणार नाहीत. तरी नोटीस पाठवलीय.

परवाना रद्द नाही झाला. फौजदारी खटला संपेपर्यंत निलंबित. कारणांचं निवेदन लेखी मागितलं तर एक पान दिलं, त्यात चुलत्यांची तक्रार आणि 'सार्वजनिक शांतता' एवढंच. सव्विसाव्या दिवशी पुण्याला अपील टाकलं.

विमा चालूच ठेवलाय. पॉलिसीचं पुस्तक आता कपाटात आहे, जिथं ती असायची तिथं.

विक्रेता ठेवायचे महिन्याचे पैसे घेतो. त्यात तेल देणं धरलेलं आहे, पण वडिलांचा विश्वास नाही. दर महिन्याला एसटीने सोलापूरला जातात, पिशवीत तेलाची बाटली आणि फडकं घेऊन. दुकानदार हात लावू देत नाही, परवाना निलंबित आहे ना. मग तो स्वतः त्यांच्यासमोर नळीतून फडकं फिरवतो आणि हे काउंटरच्या अलीकडून सांगत राहतात, "अजून एकदा. उजवीकडची."

पूर्वभाग_अक्का
पुढच्या महिन्यात आले की दुपारी आमच्याकडं जेवायला पाठवा. साखर पेठेत येऊन कुणालाही विचारलं तरी घर दाखवतील. नंबर व्यनि करते.